वर डाळ शिजत नाही

आमच्या मोठ्या भाऊजींबद्दल पोलादपुरात कोणी वाईट बोलत नाही. ते काम माझ्या वाट्याला आलं आहे आणि मला त्याचा कंटाळा नाही.

गेल्या वर्षी ते गेले तेव्हा हायस्कूलच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शोकसभा घेतली. हॉल गच्च भरला होता, मुंबईहून गाड्या करून माणसं आली होती. जो उठेल तो थर्मामीटरची गोष्ट सांगत होता. सर शाळेची सहल महाबळेश्वरला न्यायचे, खिशात प्रयोगशाळेतला थर्मामीटर असायचा, आणि तिथल्या चहावाल्याच्या पातेल्यात तो बुडवून पोरांना दाखवायचे की पाणी खळखळतंय पण पारा शंभरापर्यंत गेलेला नाही. "म्हणून मुलांनो," सर म्हणायचे, आणि पुढचं वाक्य सगळ्या हॉलने एका सुरात म्हटलं, "वर डाळ शिजत नाही." मग हशा पिकला. मीही हसले. शोकसभेत तोंड वाकडं करून बसू नये एवढी रीत मला कळते.

पण ते वाक्य ऐकलं की मला माझ्या जाऊबाई दिसतात, म्हणजे भाऊजींची बायको. मागच्या पडवीत पाट घेऊन बसलेल्या, पुढ्यात भिजवून मोड आणलेले वाल, आणि एकेक दाणा सोलून बिरडं करायचं चाललेलं. वर डाळ शिजत नसेल तर ती खालून शिजवून न्यावी लागते, आणि ती कोणीतरी शिजवावी लागते. विज्ञानाचा हा भाग सरांनी वर्गात शिकवल्याचं सभेत कोणी सांगितलं नाही.

मी महाडची. महाडच्या मुली फटकळ असतात असं पोलादपुरात धरूनच चालतात, आणि मी त्यांना खोटं पाडलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू-सासरे नव्हते. घर भाऊजींचं होतं आणि आम्ही सगळे त्यांच्या वर्गात बसलो होतो. आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ, तेही त्यांच्याच हाताखाली शिकलेले, त्यामुळे घरातही त्यांच्यासमोर बोलताना आधी उभे राहायचे. ही सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही.

भाऊजी ओरडायचे नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ते कायम पांढरा शर्ट घालायचे, बाह्या मनगटापर्यंत बटणं लावलेल्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघायचे, जणू तिथे फळा आहे. त्यांचा एक शब्द ठरलेला होता: "सिद्ध कर." पोरगं म्हणालं ताप आलाय, तर सिद्ध कर. भाजीवाली म्हणाली वांगी आजचीच आहेत, तर सिद्ध कर. मी नवी होते तेव्हा एकदा म्हटलं, भाऊजी, आज उकडतंय फार. तेव्हाही तेच. घरात या शब्दावर सगळे हसायचे आणि तेही मिशीतल्या मिशीत हसायचे. जाऊबाई मात्र हसायच्या नाहीत, कारण आमटीत मीठ जास्त नाही हे त्यांना रोज सिद्ध करायला लागायचं.

आता महाबळेश्वर. आमच्याकडे त्याला नुसतं 'वर' म्हणतात. आंबेनळीचा घाट आमच्या गावातून सुरू होतो. वर जाणाऱ्या लोकांच्या पोरांना वळणावळणाला ओकाऱ्या होतात, आणि आमच्या बाजारातली लिंबूसरबताची दुकानं त्यांच्यावरच चालतात. इतकं जवळ असूनही गावातली निम्मी माणसं वर कामालाच जातात. कोणी घोड्यामागे, कोणी हॉटेलात, कोणी स्ट्रॉबेरीच्या शेतावर. सहकुटुंब हवा खायला जाणारं घर आमचंच, आणि भाऊजींना त्याचा अभिमान होता. दर मे महिन्यात दोन दिवस. वरच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचा एक जुना विद्यार्थी राहायचा, त्याच्या घराच्या दोन खोल्या आम्हाला मिळायच्या.

या सुट्टीचं शास्त्र असं होतं. वर पाणी लवकर उकळतं, म्हणून वर शिजवलेली डाळ कच्ची राहते, भात कणीदार होतो आणि दोन्ही पोटाला बाधतात. तेव्हा डाळ, बिरडं, भात असं जे जे उकळून शिजतं ते घरूनच शिजवून डब्यांत भरायचं. ते संपलं की दुसऱ्या दिवशी भाकऱ्या, कारण भाकरी तव्यावर होते, तिला उत्कलनबिंदू लागू नाही. स्टोव्ह, तवा, परात, पिठाचा डबा आणि पाण्याचे कॅनही आमच्याबरोबर वर जायचे. घरात दोन कुकर होते. त्यातला मोठा एकदा मी गाडीत ठेवला, तर भाऊजींनी तो शांतपणे काढून ओट्यावर नेऊन ठेवला. "कुकरने अन्नाचं सत्त्व जातं," ते म्हणाले. घरी तोच कुकर रोज शिट्ट्या देत होता.

नऊ-दहा माणसांच्या भाकऱ्या जाऊबाई त्या घराच्या मागच्या ओसरीत बसून थापायच्या. मी मदतीला असायचेच, पण भाऊजींना त्यांच्याच हातची भाकरी लागायची, माझी जाड होते म्हणे. मुलं घोड्यावर बसायला जायची, पुरुष माणसं पॉइंटावर जायची. जाऊबाई इतक्या वेळा वर गेल्या, पण तलाव आणि बाजार वगळता त्यांना वरचं काय दिसलं म्हणाल तर ती ओसरी आणि तिच्या समोरची एक पत्र्याची शेड. मी एकदा विचारलं, वहिनी, तुम्हाला कंटाळा नाही येत? म्हणाल्या, "हवा थंड हाय गो इथं. स्टोव्हपुढं बसलं तरी घाम येत नाय. तेवढंच बरं."

संध्याकाळी फेरी असायची. फेरी हा भाऊजींचाच शब्द. पहिल्या दिवशी तलावावरून परतताना सगळ्यांनी बाजारातून चालत जायचं, पुढे ते, हात पाठीमागे बांधून, मागे आम्ही. चालणं म्हणजे नुसतं चालणं नव्हे. प्रत्येक हॉटेलापाशी ते थांबायचे, आत जायचे, खुर्चीवर बसून मेनूकार्ड मागवायचे आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. मग वेटरला बोलवून विचारायचे, "डाळ किती वेळ शिजवता?" तो बिचारा काहीतरी सांगायचा. "आणि इथला उत्कलनबिंदू किती?" तो गल्ल्यावरच्या मालकाकडे बघायचा. मग भाऊजी उठायचे, बाहेर यायचे आणि आम्हाला सांगायचे, "यांना काही माहीत नाही." तोवर आम्ही रस्त्यावर उभे. मुलं लाजून पुढच्या दुकानात चपला बघायला पळायची. जाऊबाईंच्या हातात रिकाम्या डब्यांची पिशवी असायची, दुपारी तलावाकाठी जेवलो त्याची, कारण ती खोलीवर टाकून येण्याइतका वेळ त्यांना मिळालेला नसायचा. त्या चालल्या की डबे वाजायचे. लोक वळून बघायचे.

बाजारातल्या एका हॉटेलाला रस्त्याच्या बाजूने मोठी काच होती. आत थाळी मिळायची. एक उंच वेटर पुऱ्यांची टोपली घेऊन टेबलाटेबलावरून फिरायचा. जाऊबाई तिथे थांबायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, त्या पुऱ्या बघतायत. पण त्या त्या माणसाकडे बघत होत्या.

"तो इचारतो गो," त्या म्हणाल्या. "बघ. एकेकाला जाऊन इचारतो, अजून देऊ का."

"त्याचं कामच आहे ते."

"असू दे. पण इचारतो." मग थोडं चालल्यावर म्हणाल्या, "मला एकदा तिथं बसून जेवायचं हाय. कोणी वाढलेलं."

त्यांचं माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठचं. पाच बहिणींत थोरल्या, म्हणजे तिथेही वाढणाऱ्या त्याच. इकडे आल्या त्या थोरली सून म्हणून. घरात बायका मागून जेवायच्या, आणि त्यातही मी जेवत असताना त्या भाकऱ्या भाजत असायच्या, सगळ्यात शेवटी बसायच्या. तेव्हा पातेल्यात जे असेल ते स्वतःच वाढून घ्यायचं. आयुष्यात कोणी त्यांना ताट वाढून पुढ्यात ठेवलं असेल तर ते बाळंतपणात. बाकी त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, साडीसुद्धा नाही. हे एकच मागितलं, आणि तेही माझ्याकडे, नवऱ्याकडे नाही.

भाऊजींचा चांगुलपणा सांगताना सभेत आणखी एक गोष्ट निघाली. एका पावसाळ्यात घाटात दरड कोसळली आणि वर जाणाऱ्या गाड्या आमच्या गावात अडकल्या. भाऊजी छत्री घेऊन रस्त्यावर उभे राहिले आणि अनोळखी माणसांना घरी घेऊन आले. पुण्याचे, साताऱ्याचे, लहान मुलं, म्हातारी माणसं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आमच्या घरी पंगती उठत होत्या. भाऊजी ओटीवर बसून पाहुण्यांना दरड का कोसळते ते खडूने फरशीवर आकृती काढून समजावत होते. जाताना सगळ्यांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले, पाया पडले. एक बाई म्हणाल्या, सर, तुमच्या हातचं जेवण आम्ही विसरणार नाही. भाऊजींनी मान तुकवली. मी आत गेले तर जाऊबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पिठाने भरलेले हात मांडीवर उताणे ठेवून, आणि पातेली सगळी पालथी. मी पोहे केले आणि दोघी ते खाऊन झोपलो.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी ठरवलं की हे आता करायचंच. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुषांची आणि मुलांची जेवणं झाली, भाऊजी आडवे झाले. आम्ही दोघी जेवायच्या राहिलो होतो. मी म्हटलं, वहिनी, उठा. त्या म्हणाल्या, "भाकऱ्या हायेत गो आपल्यापुरत्या." मी म्हटलं, संध्याकाळी होतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि मग ट्रंकेतली बरी साडी काढली. चेहऱ्याला पावडर लावली. मला वाटतं पोराच्या साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच.

काचेजवळचं टेबल मिळालं. जाऊबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. ताटं आली, वाट्या आल्या. तो उंच वेटर डाळीचं भांडं घेऊन आला, तशा त्या अर्ध्या उठल्या आणि डाव घ्यायला त्यांनी हात पुढे केला. हात आपोआप गेला त्यांचा.

"राहू द्या काकी," तो म्हणाला. "मी वाढतो. तुम्ही बसा."

त्या बसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, इतक्या की डोळ्यांत पाणी आलं. मग पुरी मोडली. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाल्या, "गरम हाय." त्यांनी जेवणाबद्दल काढलेला तेवढाच शब्द.

तेवढ्यात भाऊजी आत आले. त्यांना जाग लवकर आली की कोणी जाऊन सांगितलं, मला माहीत नाही. ते रागावले नव्हते. त्यांनी शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली, आमच्यामध्ये बसले आणि जाऊबाईंच्या वाटीतून डाळीचा एक दाणा दोन बोटांत उचलला. दाबला. बोटं वर करून उजेडात धरली.

"कणी आहे," ते म्हणाले. आजूबाजूची माणसं बघत होती, त्यांनाही दिसावं अशा बेताने. "सिद्ध झालं. चल."

जाऊबाई उठल्या. हात धुवायला बेसिनपाशी गेल्या. तो वेटर पुऱ्यांची टोपली घेऊन आमच्याकडेच येत होता, तो मध्येच थांबला. "काय झालं काकी? काही चुकलं का?" त्यांनी मान हलवली आणि भाऊजींच्या मागून बाहेर पडल्या. काचेतून मला दोघं जाताना दिसली, ते पुढे, त्या मागे.

मी उठले नाही. मी माझं ताट संपवलं आणि मग त्यांचं ताट ओढून घेऊन तेही संपवलं. राग जिरवायला मला दुसरं काही सुचलं नाही. डाळ लोण्यासारखी शिजली होती. मी खाल्ली आहे, मला माहीत आहे.

खोलीवर परतले तेव्हा जाऊबाई जुनी साडी नेसून ओसरीत पीठ मळत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "दोन घास तरी गेले गो." आमच्या ह्यांनी मला नंतर एवढंच म्हटलं की दादाला न विचारता जायला नको होतं. त्यावर मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही, आणि मला वाटतं त्यांना त्याचं फारसं दुःख झालं नाही.

पुढे दोन-तीन वर्षांत जाऊबाईंच्या पोटात गाठ निघाली. महाडच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. तिथे दुपारी बाई झाकलेलं ताट आणून द्यायची. पहिल्या दिवशी ते आलं तेव्हा जाऊबाई उशीला टेकून उठून बसल्या. "बघ," मला म्हणाल्या, "वाढून आलं." झाकण काढायच्या आत भाऊजींनी ते परत पाठवलं. डॉक्टरांनी काही मनाई केली नव्हती. घरचाच डबा पाहिजे, भाऊजी म्हणाले, बाहेरच्या अन्नानेच हे झालंय. वर हॉटेलात जेवली, तिथपासून पोट बिघडलं. येईल त्या पाहुण्याला ते हे समजावून सांगायचे, आणि पाहुणे माना डोलवायचे. मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, भाऊजी, सिद्ध करा. त्यांनी माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघितलं. "प्रत्येक गोष्ट सिद्ध करायची नसते," ते म्हणाले.

डबा मीच करायचे. पोलादपूरहून पहिल्या गाडीने निघायचे. त्यांना चार घासांच्या वर जात नव्हतं. तरी मी भात वाढायचे आणि विचारायचे, वहिनी, अजून देऊ का? पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या. "अगदी त्याच्यासारखं इचारलंस," म्हणाल्या. त्यानंतर मी रोज विचारायचे आणि त्या रोज नको म्हणायच्या, आणि दोघींना ते आवडायचं.

त्या गेल्या.

पुढच्या मे महिन्यात मुंबईहून त्यांचे दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं आली. वर जायचं ठरलं. मोठी सून सरळ बोलणारी आहे. ती म्हणाली, "बाबा, मी आधीच सांगते, मी तिथे स्वयंपाक करणार नाही. मी पण सुट्टीवरच आलेय." मी हातातलं काम थांबवलं. आता सिद्ध कर येणार, उत्कलनबिंदू येणार, थर्मामीटर निघणार.

"कोण सांगतंय तुला करायला?" भाऊजी म्हणाले. "हॉटेलात जेवू की. त्यात काय?"

"आणि डाळ?" मी विचारलं.

"आता सगळीकडे कुकर आलेत. दाबाखाली उत्कलनबिंदू वाढतो," ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

आम्ही गेलो. फेरी झाली, तीही छान झाली. ते कुठेही थांबले नाहीत, नातवंडांना मक्याची कणसं घेऊन दिली, स्ट्रॉबेरी खाल्ली, तलावाकाठी फोटोसाठी उभे राहिले. हात पाठीमागे नव्हते, एका हातात आइस्क्रीम होतं. आणि मग पोरांना भूक लागली म्हणून मोठा मुलगा ज्या हॉटेलात शिरला त्याला रस्त्याच्या बाजूने काच होती. टेबलं नवी होती, वेटरही दुसरा होता. भाऊजी काचेजवळ बसले. थाळी आली. त्यांनी डाळ भातावर ओतली, कालवली आणि जेवायला लागले. मिटक्या मारत जेवत होते. त्यांना तसं जेवताना मी घरीही पाहिलं नव्हतं. वेटर टोपली घेऊन आला की दर वेळी म्हणत होते, दे.

सून म्हणाली, "आईंना किती आवडलं असतं ना हे."

"छे," भाऊजी म्हणाले. "तिला बाहेरचं चालायचंच नाही. सगळं घरचंच पाहिजे असायचं. म्हणून तर एवढे डबे बांधून आणायला लागायचे."

सुनेने बरोबर आहे अशी मान हलवली. मोठ्या मुलानेही हलवली, ज्याने लहानपणी त्या ओसरीतल्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या. टेबलाखाली आमच्या ह्यांनी माझा पाय दाबला. मी पाय काढून घेतला.

"त्यांना आवडायचं," मी म्हटलं. "त्या या हॉटेलात जेवायला बसल्या होत्या, याच काचेपाशी. दोन घास खाल्ले होते. तुम्ही त्यांना ताटावरून उठवलंत."

भाऊजींनी पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून नाही, माझ्याकडे बघितलं. ते खोटं बोलत असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं, दवाखान्यात पाहुण्यांना स्वतःच सांगितलेलंसुद्धा नाही. थोडा वेळ आठवून बघितलं त्यांनी, ते मला दिसलं, आणि मग मिशीत हसू आलं.

"सिद्ध कर," ते म्हणाले.

सगळे हसले. नातवंडंही हसली, त्यांना तो शब्द माहीत होता. आमचे हेही हसले, सुटल्यासारखे. तेवढ्यात वेटर आला. त्याने भाऊजींच्या ताटात दोन पुऱ्या टाकल्या, मुलांच्या ताटात टाकल्या, आणि टोपली घेऊन माझ्यापाशी येऊन वाकला.

"काकी, अजून देऊ का?"

मी ताटावर हात आडवा धरला.